नवजात पुनरुज्जीवन प्रशिक्षण

जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास मिळवून देण्याचे, प्रसूतिगृहातील परिचारिका व डॉक्टरांना दिले जाणारे प्रशिक्षण. अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम आणला. त्याचा बारकाईने अभ्यास झाला तो उत्तर टांझानियातील हायडोम ल्युथेरन रुग्णालयात, नॉर्वेच्या स्टाव्हांगर विद्यापीठ रुग्णालयाच्या साथीने.

सराव पाणी भरलेल्या बाहुलीवर होतो; त्यामुळे ती हातात खऱ्या बाळाएवढी जड लागते. प्रसूतीआधी दोन कोरडी फडकी काढून ठेवायची आणि मास्क तळहातावर दाबून अँबू बॅग (हाताने दाबून मास्कमधून फुप्फुसात हवा भरणारी पिशवी) तपासायची. बाळ येताच खसखसून पुसायचे, ओले फडके लगेच बाजूला टाकायचे. रडले नाही तर मान सरळ ठेवून पाठ दोन-तीनदा चोळायची. तरीही श्वास नसेल तर मिनिट संपायच्या आत बॅग सुरू करायची. वेग मिनिटाला सुमारे ४० श्वासांचा.

छाती उचलली जात नसेल तर बहुधा मास्कच्या कडेतून हवा निसटत असते किंवा मान पुढे झुकलेली असते. मास्क नीट बसवावा, डोके सरळ करावे, तोंडातला स्राव काढून ते किंचित उघडावे. मगच बॅग जोराने दाबावी. सर्वांत घातक चूक म्हणजे रेंगाळणे. स्राव नसतानाही तो शोषून काढायची नळी घालत राहिल्याने वेळ जातो, शिवाय घशाला नळी टोचून हृदयाचे ठोके मंदावतात. धुतल्यानंतर बॅगची झडप उलटी बसली तर हवा बाळापर्यंत पोहोचतच नाही; म्हणून दर वेळी तपासणी.

एप्रिल २०१० मध्ये हायडोमला एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनी बाहुलीवरचे काम सुधारलेले दिसले, प्रसूतिगृहातले मात्र जवळपास होते तसेच राहिले. बेळगावी, नागपूर आणि केनियातील एल्डोरेट येथील मोठ्या अभ्यासातही (२०१६) प्रशिक्षणानंतर एकूण प्रसवकालीन मृत्यू (जन्माच्या आसपास होणारे बाळांचे मृत्यू) घटलेले आढळले नाहीत. पाहुणे प्रशिक्षक परतले की हाताची सवय मोडते. अशा परदेशी भागीदारीची खरी कसोटी तिथेच लागते.

हायडोमने २०११ पासून बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली. दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटांचा आणि महिन्यातून एकदा ४० मिनिटांचा सराव सुरू झाला. पहिल्या २४ तासांतील मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. पाठ चोळून चेतवलेल्या बाळांचे प्रमाण वाढले, तर बॅग लावावी लागलेल्यांचे घटले.