बेरोजगारी १ टक्का, मग भंवरकुआँ एवढं भरलेलं का?

इंदूरच्या भंवरकुआँला संध्याकाळी चक्कर टाका. स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या पाट्या, तासांवर मिळणाऱ्या लायब्रऱ्या, एका खोलीत तिघं-चौघं. आणि २०२३-२४च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली बेरोजगारी आहे सुमारे १ टक्का! आकड्यात लबाडी नाही. मोजायची पद्धतच तशी आहे.

सुरुवातीच्या पंचवार्षिक योजनांत नियोजन आयोग देशभरातल्या बेकारांचा एक ठोक आकडा देत असे. अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७०च्या अहवालात त्यावर आक्षेप घेतला. शेती आणि घरच्या धंद्यावर जगणाऱ्या देशात पूर्ण रिकामा बसणं परवडतं कोणाला? म्हणून १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन मापं आली. वर्षाच्या मापात ३० दिवसांचं जोडकामही पुरतं. आठवड्याच्या मापात सात दिवसांत एक तास काम केलं की झालात रोजगारवाले. रोजच्या मापात मात्र रिकामे गेलेले दिवसही हिशेबात धरत. २०११-१२ मध्ये एकाच देशाची बेरोजगारी या तीन मापांनी २.२, ३.७ आणि ५.६ टक्के निघाली. २०१७ पासून हे नवं श्रमबल सर्वेक्षण सुरू झालं, रोजचं माप मागे पडलं आणि मथळ्यांत बराच काळ मुख्यतः वर्षाचंच झळकलं. माझ्या मते नुकसान इथे झालं, कारण हातावर पोट असणाऱ्याची बेकारी रोजच्याच मापात दिसायची.

इंदूरची कापड गिरणी हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली. कामगारांची थकबाकी, सुमारे २२४ कोटी, मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कितीतरी जण वारले होते. मधल्या ३२ वर्षांत कोणी रात्रपाळीचा चौकीदार झाला, कोणी भाजीची गाडी लावली. पाहणीच्या दृष्टीने ही सगळी कामावरची माणसं.

आज अशाच एखाद्या घरी पाहणीवाला आला असं समजा. वडील चौकीदार: रोजगार. सून सासूच्या पापडांना बिनपगारी हात लावते: तोही रोजगार. मुलगा एमपीपीएससीचा, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतो, पण संध्याकाळी दोन शिकवण्या घेतो: रोजगार. मुलगी कॉलेजात, म्हणून ती श्रमशक्तीतच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतच नाही. घरात बेकार शून्य, आणि पक्का पगार एकच.

रोजगार कार्यालयाची यादी उलट बाजूने फसवी. नोकरी लागली तरी नाव काढायला कोण जातो? आणि चौराह्यावर कामाची वाट पाहणारा मजूर नाव नोंदवायलाच जात नाही. २०२४ मध्ये राज्याच्या पोर्टलवर २५ लाखांहून जास्त नावं होती. विरोधक ती यादी फडकावतात, सरकार १ टक्का दाखवतं.