तात्पुरते संरक्षण आणि निर्वासितांचा आरोग्यविमा

तात्पुरते संरक्षण आणि निर्वासितांचा आरोग्यविमा : युद्ध किंवा व्यापक हिंसाचारामुळे मोठ्या संख्येने सीमा ओलांडून आलेल्यांना, प्रत्येकाच्या अर्जाची स्वतंत्र छाननी न करता, ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा हक्क देण्याची व्यवस्था म्हणजे तात्पुरते संरक्षण. या मुदतीत त्यांच्या उपचारांचा खर्च कोणी व कोणत्या कागदाच्या आधारे उचलायचा, एवढ्यापुरतीच प्रस्तुत नोंद मर्यादित आहे.

या व्यवस्थेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो स्पॅनिश यादवी युद्धातून फ्रान्समध्ये आलेल्यांच्या आश्रयात शोधतात. काही १९७० च्या दशकाअखेरीस इंडोचायनातून समुद्रमार्गे निघालेल्यांच्या प्रश्नात. तर युरोपीय लेखकांचा कल १९९२ नंतरच्या बॉस्नियाकडे असतो. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या सुमारे एक कोटी लोकांचे उदाहरण या चर्चेत असायला हवे, पण ते बहुधा तळटिपेतच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यकारी समितीने १९८० मध्ये तात्पुरत्या आश्रयाबाबत १९ क्रमांकाचा आणि १९८१ मध्ये लोंढ्यांच्या परिस्थितीबाबत २२ क्रमांकाचा निष्कर्ष संमत केला. दुसऱ्यात अन्न व निवाऱ्याबरोबर प्राथमिक आरोग्यसुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आरोग्याच्या अंगाने पाहता १९८१ हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात त्यात सुविधा आहे, विमा नाही. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने कॉलराचे रुग्ण वाचवले, तेव्हा कोणाकडे कसले कार्ड आहे हा प्रश्नच नव्हता. विम्यात तोच प्रश्न पहिला येतो.

तात्पुरत्या संरक्षणाबाबतचा युरोपीय संघाचा २००१/५५ हा निर्देश २० जुलै २००१ चा. तो प्रथम लागू झाला ४ मार्च २०२२ रोजी, युक्रेनमधून आलेल्यांसाठी. त्याच्या तेराव्या कलमानुसार तातडीची सेवा व आजारावरील आवश्यक उपचार ही किमान मर्यादा आहे. एकटी आलेली मुले, छळ वा बलात्कार सोसलेल्या व्यक्ती यांच्यासाठी अधिकची तरतूद आहे. किमान मर्यादेच्या वर किती जायचे ते प्रत्येक देश ठरवतो. जर्मनीने १ जून २०२२ पासून युक्रेनियनांना आश्रयार्थींच्या मर्यादित उपचारांतून काढून सार्वजनिक आरोग्यविम्यात घेतले. तुर्कस्तानात सीरियनांसाठी ऑक्टोबर २०१४ चे विनियम आहेत. तेथे नोंदणी ज्या प्रांतात झाली त्याच प्रांतात उपचार मिळतात. तातडीचे प्रसंग अपवाद. इराणने २०१५ पासून निर्वासितांना राष्ट्रीय आरोग्यविम्याचा मार्ग खुला केला.

भारत १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा पक्षकार नाही. आजारपणासह सामाजिक सुरक्षेबाबत समान वागणूक सांगणारे त्यातील चोविसावे कलम म्हणूनच येथे बंधनकारक ठरत नाही. तात्पुरत्या संरक्षणाचा कायदाही नाही. केंद्र सरकारच्या २९ डिसेंबर २०११ च्या कार्यपद्धतीनुसार निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद (जीविताचा हक्क) परकीयांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या प्रकरणात सांगितले आहे.

पुणे : शहरात अफगाण, येमेनी, सुदानी विद्यार्थी बरीच वर्षे आहेत, ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यानंतर अफगाण विद्यार्थ्यांच्या मुक्कामाचा प्रश्न वेगळाच झाला. (फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांना निर्वासित म्हटले जाई, पण ते भारताचे नागरिक होते, म्हणून येथे विचारात घेतलेले नाहीत.) राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र मागतो. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परकीयास आधार कार्ड मिळू शकते, मात्र त्याची मुदत सहसा व्हिसाइतकीच. आणि आधार हातात असले तरी रेशनकार्डाची जागा ते घेत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. औंधचे जिल्हा रुग्णालय त्यात येते; ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने येत नाही. धर्मादाय रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार निर्धनांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटांचे बंधन आहे, पण खाटेसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. तातडीच्या रुग्णाला प्रकृती स्थिर होईपर्यंत दाखल करून घेणे या रुग्णालयांना भागच आहे.

उरतो खासगी विमा. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीधारकांना वैद्यकीय विमा काढावाच लागतो. इतरांना पासपोर्ट, व्हिसा व निवासाचा पुरावा देऊन पॉलिसी घेता येते. परंतु आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो (२०२४ पूर्वी ४८), आणि वर्षावर्षाने व्हिसा वाढवून राहणाऱ्या मधुमेही माणसाला हप्ता पहिल्या दिवसापासूनच भरावा लागतो.