सीमारेषेवरून परतलेले चेतन चौहान

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावसकरांचं म्हणणं. तंबूकडे निघाले असताना मागून लिलीचे शब्द कानावर आले, तसे ते भडकून मागे फिरले आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सलामीच्या जोडीदाराला, चेतन चौहान यांना ढकलतच मैदानाबाहेर घेऊन निघाले. सीमारेषेवर भारतीय संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी आणि सहव्यवस्थापक बापू नाडकर्णी आडवे आले. गावसकर आत गेले. चौहान मात्र परत खेळपट्टीवर गेले. ते ८५ धावांवर बाद झाले. पुढे कपिल देवच्या पाच बळींमुळे ऑस्ट्रेलिया ८३ धावांत आटोपली आणि कसोटी आपण जिंकली.

चौहान जन्माने बरेलीचे (१९४७), पण त्यांचं क्रिकेट घडलं पुण्यात. वडील लष्करात होते, त्यांची बदली झाली आणि कुटुंब पुण्याला आलं. वाडिया कॉलेज, कमल भांडारकरांचं मार्गदर्शन, मग महाराष्ट्राकडून रणजी. दिल्लीला ते १९७५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांना निव्वळ 'दिल्लीकर' म्हणणं मला कधीच पटलं नाही.

१९६९ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध पदार्पण झालं, पण संघात पाय रोवायला १९७७ चा ऑस्ट्रेलिया दौरा उजाडावा लागला. पर्थला ८८ धावा केल्या आणि गावसकरांशी जोडी जमली. १९७९ ला ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना दोघांनी २१३ धावांची सलामी दिली. लोकांना गावसकरांचं द्विशतक आठवतं, चौहान यांच्या ८० धावा फारशा कुणाच्या लक्षात नाहीत. ४० कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं आणि शतक एकही नाही, सर्वोच्च ९७. शतकाविना दोन हजार धावा करणारे ते पहिलेच फलंदाज. या विक्रमाकडे लोक उणीव म्हणून बघतात. मला त्यात नव्या चेंडूसमोर तासन्‌तास उभा राहिलेला माणूस दिसतो.

मेलबर्ननंतर न्यूझीलंडचा दौरा झाला आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे दिल्ली क्रिकेट संघटनेत त्यांनी अनेक पदं सांभाळली. अमरोह्यातून दोनदा खासदार झाले, २०१७ मध्ये उत्तर प्रदेशचे क्रीडामंत्री. ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाने त्यांना नेलं.

प्रशासक चौहान यांची खरी परीक्षा मात्र पुन्हा ऑस्ट्रेलियातच झाली. जानेवारी २००८, सिडनी कसोटी. पंचांचे वादग्रस्त निर्णय, वर्णद्वेषी शेरेबाजीच्या आरोपावरून हरभजनवर तीन सामन्यांची बंदी, दौरा सोडून परतायची भाषा. २७ वर्षांपूर्वी दुराणी जिथे उभे होते, त्या जागी आता चौहान होते : संघाचे व्यवस्थापक. खेळाडूंचा संताप कुठून येतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कॅनबेराला जायचं सोडून संघ सिडनीतच थांबला. बंदीविरुद्ध अपील झालं, पुढच्या कसोटीतून पंच बकनर यांना बाजूला केलं गेलं. दौरा सुरू राहिला, आणि पर्थची कसोटी भारताने ७२ धावांनी जिंकली.