हिरवळीचे वायुवीजन

घराभोवतीच्या लॉनमधील घट्ट बसलेल्या मातीत ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून मुळांपर्यंत हवा व पाणी पोहोचवण्याची मशागत. थंड देशांत ती शरदात करतात, कारण तिथली राय, फेस्क्यू ही गवते उन्हाळ्यात मंदावतात आणि शरदात पुन्हा जोम धरतात. गोव्यातील हरळी, कोरियन नावाने विकला जाणारा झोयसिया किंवा रुंद पानांचे कार्पेट गवत उष्ण हवेतले आहे. पाणी मिळाले तर ते वर्षभर वाढते. तरीही इथे हंगाम शरदाचाच, आणि तो मातीने ठरवलेला.

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यावर साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. थेंबांच्या माऱ्याने मातीची रंध्रे बुजतात आणि सावलीत वर शेवाळाचा काळपट थर धरतो. जांभ्याची तांबडी माती ओली असेपर्यंत मऊ असते, सुकली की कडक होते. म्हणून परतीचा पाऊस ओसरल्यावर, साधारण दसरा ते दिवाळी हे दिवस साधावेत. मूठभर माती दाबल्यावर गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला, तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, आहे. माती बोटांना चिकटली तर थांबावे. चिखलात पाडलेल्या छिद्राच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आणखीच अडते.

गरज आहे का, हे आधी पाहावे. ओलसर जमिनीत लांब स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने 8–10 सेंमी उतरत असेल तर काम नको. कांदोळी-कळंगुटच्या वाळूत ते क्वचितच लागते. नुकत्याच अंथरलेल्या गवताला पहिले वर्ष हात लावू नये.

गवत 3 सेंमीपर्यंत कापून शेवाळ खरवडावे, स्प्रिंकलरच्या नळ्यांवर खुणेच्या काठ्या रोवाव्यात. पोकळ दात्याचे अवजार सर्वांत चांगले, कारण ते मातीची कांडी बाहेर काढते. भरीव खिळा माती फक्त बाजूला दाबतो. खिळ्यांचे बूट याच कारणाने निरुपयोगी. छिद्र 12–18 मिमी रुंद, 7–8 सेंमी खोल आणि एकमेकांपासून 8 सेंमीवर असावे. म्हणजे चौरस मीटरमागे दीडशेच्या आसपास. गोव्यात अनेक अंगणांत चिऱ्यांच्या तुकड्यांच्या भरावावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो. तिथे यंत्राचे दाते वाकतात. चार दात्यांचा बागकामाचा काटा सरळ रोवून, दांडा किंचित मागे ओढून काढणे बरे. हे कष्टाचे आहे, पण मुळे उपटत नाहीत.

निघालेल्या कांड्या दोन दिवस उन्हात सुकवून झाडूने फोडता येतात. मात्र त्यांत लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर सगळ्या उचलून टाकाव्यात, नाहीतर एका कोपऱ्यातले तण लॉनभर पसरते. चिकट मातीच्या कांड्याही परत पसरू नयेत.

छिद्रे भरायला नदीची धुतलेली रेती दोन भाग आणि चाळलेले कुजलेले कंपोस्ट एक भाग घ्यावे. 5 मिमी थरासाठी 100 चौरस मीटरला अर्धा घनमीटर मिश्रण लागते. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यातले मीठ मुळे जाळते. मिश्रण पानांवर साचू न देता उलट्या दाताळ्याने छिद्रांत ओढावे. आठवड्याने 100 चौरस मीटरला 1 किलो युरिया दोन हप्त्यांत, कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी द्यावे. जांभ्याची माती बहुधा आम्ल असते, पण चुना माती परीक्षणानंतरच द्यावा. पाणी सकाळी, संध्याकाळचे पाणी ओलावा रात्रभर टिकवते आणि बुरशीचे गोल पिवळे डाग पडतात.

आंब्या-फणसाच्या गर्द सावलीत विरळ झालेले गवत छिद्रांनी दाट होत नाही. तिथे अडचण उजेडाची आहे. फांद्या विरळ कराव्यात किंवा गवताचा हट्ट सोडून सावलीत तगणारी झाडे लावावीत.