८९५व्या गोलामागची वीस वर्षे

६ एप्रिल २०२५, रामनवमीचा रविवार. पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा बघून नागपूरकर घामाघूम होऊन घरी परतले, त्याच रात्री (तिकडे दुपार होती) न्यूयॉर्कजवळच्या एका रिंकवर अलेक्झांडर ओव्हेच्किन बर्फावर पोटावर घसरत गेला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला त्याचा ८९५वा गोल झाला होता. याच लीगमधला जुना दिग्गज वेन ग्रेट्झ्की याचा ८९४चा विक्रम मोडला, आणि ते बघायला ग्रेट्झ्की स्वतः हजर होता.

आपल्याकडे नागपुरात हॉकी म्हणजे व्हीएचएचं, विदर्भ हॉकी असोसिएशनचं मैदान. आइस हॉकीत चेंडूच्या जागी ‘पक’ असतो, कॅरमच्या सोंगटीसारखा, पण तळहाताएवढा, जाड आणि रबराचा. ओव्हेच्किन डाव्या बाजूचा फॉरवर्ड. जन्म १९८५चा, मॉस्कोचा. आई तात्याना बास्केटबॉलमधली दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी. २००४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने त्याला सगळ्यांत आधी उचललं. पण मालक आणि खेळाडूंचं पैशांवरून फाटलं, अख्खा मोसम रद्द झाला आणि तो वर्षभर मॉस्कोतच खेळला. ऑक्टोबर २००५मध्ये पदार्पण, पहिल्याच सामन्यात दोन गोल. पुढे २०१२चा तसलाच वाद, मग कोविड. शंभराहून जास्त सामने असेच बुडाले.

त्याची खरी गंमत एका जागेत आहे. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला, पाचविरुद्ध चार झाले, की हा डावीकडच्या वर्तुळात जाऊन उभा राहायचा. पास आला की न थांबवता थेट फटका. वीस वर्षं सगळ्या गोलकीपरांना हे ठाऊक होतं. ८९५वाही तिथूनच गेला. गोलपोस्टमध्ये त्याच्याच देशाचा इल्या सोरोकिन होता.

ग्रेट्झ्कीची कारकीर्द १,४८७ सामन्यांची, आणि हा गोलही ओव्हेच्किनच्या १,४८७व्या सामन्यातला. तरी मला हे गोल जास्त कष्टाचे वाटतात. ऐंशीच्या दशकात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सात-आठ गोल सहज व्हायचे. याच्या काळात पाच-सहा. अर्थात ग्रेट्झ्की मुळात दुसऱ्याला गोल करून देणारा. त्याचे असिस्टच १,९६३ आहेत, त्याच्या जवळपासही कोणी नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये ओव्हेच्किनच्या पायाचं हाड मोडलं. सोळा सामने हुकले. एकोणचाळिसाव्या वर्षी परत येऊन त्याने त्या मोसमात एकूण ४४ गोल केले. मोसम संपला तेव्हा आकडा ८९७ होता.