की आर्ट आणि कॅप्सूल: अ‍ॅक्शन गेमचं कव्हर तपासताना होणारी गल्लत

अ‍ॅक्शन गेमचं कव्हर पसंत करायला टीम बसते, तेव्हा समोर बहुधा एकच चित्र असतं, मोठ्या मॉनिटरवर पूर्ण आकारात उघडलेलं. चिलखतावरचे ओरखडे, मागच्या आगीचा उजेड, तलवारीची चकाकी यांवर बराच वेळ बोलणं होतं आणि 'कव्हर फायनल' असं ठरतं. खरं तर तिथे फायनल झालेली असते ती की आर्ट. स्टोअरमध्ये लोकांना दिसणारं कव्हर, म्हणजे कॅप्सूल, अजून बनायचंच असतं.

की आर्ट हे गेमचं मुख्य प्रचारचित्र. पोस्टर, वेबसाइटचा बॅनर, प्रेस किट (पत्रकारांना द्यायचा चित्र-माहितीचा संच), ट्रेलरची शेवटची फ्रेम हे सगळं त्यातून निघतं. ते साधारण ३८४०×२१६० पिक्सेल किंवा त्याहून मोठं असतं, सोळास नऊ प्रमाणात. बघणारा चित्रापाशी थांबेल असं धरूनच ते काढलेलं असतं. कॅप्सूल म्हणजे स्टोअरच्या यादीतली छोटी चौकट. आजूबाजूला दहा-वीस इतर गेम, बघणारा स्क्रोल करतोय, आणि तिच्या वाट्याला येतो एखादा सेकंद. तेवढ्यात तिनं नजर अडवायची आणि हा कसला गेम आहे ते सांगायचं.

गल्लत होण्यामागे एक अगदी तांत्रिक कारण आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरवरची मुख्य कॅप्सूल १२३२×७०६ असते, म्हणजे जवळपास सोळास नऊच. की आर्ट तिच्यात जवळजवळ जशीच्या तशी बसते, छान दिसते, आणि मग 'बाकीचे आकार क्रॉप करून टाकू' असं सगळ्यांनाच वाटतं. आता हिशेब करून बघा. ३८४०×२१६० च्या चित्रातून ९२०×४३० ची हेडर कॅप्सूल कापली, तर उंचीतला सुमारे १७ टक्के भाग जातो. ते चालून जाईल. ४६२×१७४ च्या छोट्या कॅप्सूलसाठी उंचीचा तिसरा हिस्सा कापावा लागतो. ७४८×८९६ ची उभी कॅप्सूल काढताना रुंदीतला निम्म्याहून अधिक भाग टाकून द्यावा लागतो, आणि लायब्ररीत, म्हणजे खेळाडूनं घेतलेल्या गेमच्या संग्रहात, दिसणाऱ्या ६००×९०० च्या कव्हरमध्ये मूळ रुंदीतला फक्त ३७.५ टक्के उरतो. नायक डावीकडे, राक्षस उजवीकडे, मधे ठिणग्या अशी मांडणी असेल तर उभ्या चौकटीत दोघांपैकी एकच मावतो, किंवा नुसत्या ठिणग्या.

म्हणून कॅप्सूल कापायची नसते, नव्यानं मांडायची असते. की आर्टच्या फाइलमधल्या लेयरवरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांपैकी एकावरचा, नायक उचलायचा, मोठा करायचा, गरज पडली तर हात आणि शस्त्र वळवून पुन्हा काढायचं, पार्श्वभूमी शांत करायची. चित्रकाराला काम देतानाच हे दोन वेगळे जिन्नस म्हणून सांगा आणि त्याचे पैसेही वेगळे धरा. फाइल मागताना नायक, शत्रू, धूर-ठिणग्या, पार्श्वभूमी आणि लोगो स्वतंत्र लेयरवर असू द्या, आणि पार्श्वभूमी चौकटीच्या बाहेरपर्यंत रंगवलेली असू द्या. लोगो चित्रात मुरवून सपाट केलेली फाइल आली तर पुढचं बरंच काम अडतं: स्टीमच्या ३८४०×१२४० च्या लायब्ररी हिरो चित्रात (लायब्ररीतल्या गेमच्या पानावरच्या रुंद पट्टीत) लोगो किंवा मजकूर चालतच नाही, कारण लोगो त्याच्यावर वेगळा बसवला जातो.

लहान आकारात काय मरतं

छोटी कॅप्सूल स्टीमवर १८४×६९ आणि १२०×४५ अशा आणखी लहान रूपांतही दाखवली जाते. कव्हरचं खरं मूल्यमापन या १२०×४५ वर होतं. की आर्टमध्ये नायकाचा चेहरा २०० पिक्सेल उंच असेल, तर कापून-लहान करून तो इथे सहा पिक्सेल उरतो. सहा पिक्सेलमध्ये राग, निर्धार, डोळ्यावरची जखम यांतलं काहीही दिसत नाही. दिसतो तो एक फिकट ठिपका.

लोगोचंही तेच. गेमच्या नावात १२ अक्षरं आहेत आणि की आर्टसारखा लोगो कोपऱ्यात, ४० टक्के रुंदीत ठेवला आहे असं धरा. १२० पिक्सेलच्या चौकटीत त्याला मिळतात ४८ पिक्सेल, म्हणजे दर अक्षराला चार, त्यातच मधली फटही आली. वाचता येणार नाही. तोच लोगो दोन ओळींत, सहा-सहा अक्षरं करून ९० टक्के रुंदीत पसरला की प्रत्येक अक्षराला १८ पिक्सेल मिळतात. छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोनं जवळपास सगळी चौकट व्यापावी असं स्टीमचं मार्गदर्शनही सांगतं. चित्रकाराला ते रुचत नाही, पण या आकारात लोगो हेच चित्र असतं. तडे गेलेली, रक्त ओघळणारी, धातूची झिलई असलेली अक्षरं मोठ्या चित्रात शोभतात. इथे ती सपाट, जाड आणि एका रंगाची लागतात.

अ‍ॅक्शन गेमला यात एक जादा अडचण आहे. हालचाल दाखवण्यासाठी आपण जे जे वापरतो, म्हणजे धूर, ठिणग्या, उडणारे दगड, मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा), ते सगळं बारीक तपशिलाचं असतं, आणि लहान झालं की त्याचा राखाडी लगदा होतो. लहान आकारात वेग टिकतो तो आकृतीच्या कडेमुळे. शरीराचा एक ठळक तिरपा कल, धडापासून स्पष्ट सुटलेलं शस्त्र, पायांमधली मोकळी जागा, एवढं असलं की काळ्या सावलीतही मारामारी कळते. बंदूक छातीसमोर आडवी धरलेली असेल तर ती धडात मिसळते आणि नायक नुसता उभा वाटतो. तीच बंदूक बाजूला, चौकटीच्या कोपऱ्याकडे रोखली की लगेच वाचता येते. शत्रू दाखवायचा तर एकच, मोठा. बारा शत्रूंची झुंड ही की आर्टची चैन आहे.

रंगाबद्दल एक बारकावा. स्टीमचं पान गडद निळसर आहे. कडेनं काळी-निळी होत जाणारी, 'सिनेमॅटिक' वाटणारी कव्हरं त्यात विरघळतात आणि चौकटीची हद्दच कळत नाही. कडेला निदान एका बाजूनं उजळ किंवा उबदार रंग येऊ द्या. शिवाय लॉग-इन केलेल्या खेळाडूला कॅप्सूलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'विशलिस्टवर आहे' किंवा 'लायब्ररीत आहे' अशी पट्टी दिसते. लोगोचं पहिलं अक्षर तिथे नेऊन ठेवू नका.

तपासायचं कसं

की आर्ट पूर्ण आकारात बघावी, आणि तिथे चिलखतावरच्या ओरखड्यांची चर्चा जरूर व्हावी. प्रकाश एकाच दिशेनं येतोय का, हाताची पकड बरोबर आहे का, नजर नायकावरून शत्रूकडे आणि तिथून मागच्या जगाकडे जाते का, हे तिचे प्रश्न. मधोमध आणि एका बाजूला लोगोसाठी मोकळी जागा आहे का, हेही बघा.

कॅप्सूलची तपासणी वेगळी. पहिल्यांदा ती १२०×४५ करा आणि झूम न करता, १०० टक्क्यांवर बघा; झूम करून बघणं ही इथली सर्रास होणारी चूक. मग रंग काढून टाका. लोगो आणि त्यामागचा भाग सारख्याच करड्या छटेचे दिसले तर रंग बदलून भागणार नाही, उजेड-अंधाराची मांडणी बदलावी लागेल. लाल अक्षरं आणि गडद हिरवी पार्श्वभूमी रंगात झणझणीत वाटतात आणि करड्यात एकजीव होतात. त्यानंतर त्याच प्रकारच्या पंधरा-वीस गेमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, मधे आपली चौकट चिकटवा आणि गेम माहीत नसलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवा. 'आवडलं का' हे विचारू नका. नाव काय होतं, यात काय करायचं असेल, जवळून मारामारी की लांबून गोळीबार, एवढंच विचारा. उत्तर 'स्ट्रॅटेजी गेम वाटला' असं आलं तर चित्र कितीही देखणं असो, कॅप्सूल चुकलेली आहे.

नियमही दोन्हींना सारखे नाहीत. पोस्टरवर पुरस्कारांची नावं, समीक्षकांचे तारे घालता येतात. स्टीमच्या कॅप्सूलवर १ सप्टेंबर २०२२ पासून गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक सोडून दुसरा मजकूर चालत नाही. मोठ्या अपडेटसाठी मजकूर असलेलं चित्र तात्पुरतं, ठरावीक मुदतीपुरतं लावता येतं. ॲपलच्या ॲप स्टोअरचा नियम अ‍ॅक्शन गेमला थेट लागू होतो: गेमचं वयोगटाचं रेटिंग काहीही असलं तरी आयकॉन आणि स्क्रीनशॉट चार वर्षांवरच्या मुलांना चालतील असे हवेत, आणि त्यात भीषण मृत्यू किंवा एखाद्या विशिष्ट पात्रावर रोखलेली बंदूक नको. की आर्टमधला नेमका तोच क्षण आयकॉनमध्ये नेला तर ॲप नाकारलं जाऊन परत येऊ शकतं.

कॅप्सूलनं गेमबद्दल खोटं बोलू नये, हेही तपासा. पिक्सेल आर्टचा, वरून दिसणारा गेम असेल आणि कव्हरवर वास्तवदर्शी सैनिक असेल, तर क्लिक मिळतात, पण स्क्रीनशॉट बघून माणूस परत फिरतो. विकत घेतलाच तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात.

कव्हर लावल्यावर आकडे बघायचे ते कॅप्सूलचे. स्टीमच्या ट्रॅफिक अहवालात ती किती वेळा दिसली आणि त्यातून किती जण पानावर आले हे मिळतं. गूगल प्लेवर दोन आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करता येते. स्टीमवर जुनी आणि नवी कॅप्सूल एकापाठोपाठच लावावी लागते, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडे त्याच जागेचे घ्या: शोधयादीचे शोधयादीशी, 'असेच आणखी गेम' या भागाचे त्याच भागाशी. सेल किंवा अपडेटच्या आठवड्यात बदललेल्या कॅप्सूलचे आकडे या तुलनेत धरू नका. तेव्हाची गर्दी कव्हरमुळे आली की सवलतीमुळे, हे वेगळं काढता येत नाही.