महाविद्यालयीन नियतकालिक (सातारा-सांगली परिसर)

महाविद्यालयातर्फे बहुधा वर्षातून एकदा निघणारा आणि मुख्यतः विद्यार्थ्यांच्या लेखनावर उभा असलेला अंक म्हणजे महाविद्यालयीन नियतकालिक. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. येथील महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी, मग १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठाचे आवार कोल्हापुरात आणि विद्यार्थी मात्र कराड, विटा, जत, फलटण, वाई असे दूरवर विखुरलेले असल्याने विद्यार्थ्यांच्या छापील लेखनाचा भार प्रत्येक महाविद्यालयाच्या स्वतंत्र अंकावरच राहिला.

अंकाचे संपादन एखाद्या प्राध्यापकाकडे, बहुधा मराठी विभागाकडे असते आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थी-संपादक काम करतात. मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, प्राचार्यांचे मनोगत, जिमखान्याचा व राष्ट्रीय सेवा योजनेचा अहवाल आणि कुठल्यातरी पानावर मालकी, मुद्रक व प्रकाशक यांचा तपशील देणारा 'फॉर्म नंबर ४', ही त्याची ठरलेली मांडणी. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात जुळाऱ्याने जुळवलेल्या मजकुराची मुद्रिते (प्रुफे) विद्यार्थीही तपासत, आणि छायाचित्रांचे ब्लॉक (छपाईचे धातूचे ठसे) करून घ्यावे लागत असल्याने ती गुळगुळीत कागदाच्या वेगळ्या पानांवर एकत्र छापली जात. ऑफसेट व संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर अंक देखणे झाले.

या अंकांचे खरे मोल त्यातील ललित लेखनात आहे. माण, खटाव, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून किंवा कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींना आटलेली विहीर, चारा छावणी, कारखान्याचा गळीत हंगाम यांविषयी आपल्या बोलीत लिहिण्याची आणि स्वतःचे नाव छापून आलेले पाहण्याची पहिली संधी येथेच मिळते. शिवाजी विद्यापीठ घेत असलेल्या नियतकालिक स्पर्धेमुळे अंकांचा दर्जा राखला जातो, परंतु परीक्षकांसाठी सजवलेला अंक विद्यार्थ्यांपासून काहीसा दुरावतो, हेही खरे.

वर्षभर चालू राहते ते भित्तिपत्रक. काचेच्या फलकात लावलेल्या कार्डशीटवर सुवाच्य अक्षरात लिहिलेले हे पत्रक खर्चाच्या दृष्टीने परवडते आणि विषय ताजा असतानाच वाचकांपुढे येते. वार्षिक अंकाला नेमके हेच साधत नाही, कारण परीक्षेनंतर तो हाती येतो तेव्हा शेवटच्या वर्षाचे लेखक दाखला घेऊन गेलेले असतात.